मटकीचं मशीन

माझ्याकडे सध्या सत्तावन्न कार्डं आहेत. जाड पिवळट पुठ्ठ्याची, वर भोक पाडून सुतळीत ओवलेली. एका कार्डावर एक यंत्र. नंबर, कुठून आलं, कधी आलं, तक्रार, काय बदललं, चाचणी, कुणाकडे गेलं, शेरा, असे आठ रकाने. ही पद्धत माझी नव्हे. माधवनगरच्या एका सूतगिरणीत मी एकोणीस वर्षं स्टोअरकीपर होते. तिथे प्रत्येक बेअरिंगला, प्रत्येक पट्ट्याला असं कार्ड असे आणि नोंदीशिवाय एक वॉशरसुद्धा दाराबाहेर जात नसे. गिरणी बंद झाली तेव्हा कोरी कार्डं रद्दीत निघाली. ती मी विचारून घरी आणली. एवढी चांगली कार्डं फेकून देणं मला बघवेना.

आता मी बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये स्टोअर सांभाळते. रविवार आणि सुट्ट्या मात्र माझ्या. त्या दिवशी मी लोकांनी टाकून दिलेली जुनी वॉशिंग मशिनं उघडते, दुरुस्त करते आणि पुन्हा चालू करते. माझ्या मागच्या पडवीत पाय ठेवायला जागा नसते. कोळशाच्या दोन पितळी इस्त्र्या आणि हातानं फिरवायचं कपडे पिळायचं एक यंत्रही तिथे आहे, पण जीव आहे तो मशिनांत.

सुरुवात पुरानं केली. कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं, माझ्या खांद्याएवढं चढलं आणि काही दिवसांनी उतरलं. परत आलो तेव्हा घराघरापुढे चिखलानं माखलेल्या सामानाचे ढीग होते. समोरच्या वहिनींचं मशीन पाण्यावर तरंगत जाऊन त्यांच्याच जिन्याच्या वळणावर अडकून बसलं होतं. ते भंगारात निघालं. मी म्हटलं, मला द्या. का म्हटलं ते आजही नीट सांगता येत नाही. घरातलं इतकं गेलं होतं, की एखादी तरी वस्तू पुन्हा चालू झालेली बघायची होती, एवढंच असावं. वडील गिरणीत फिटर होते, त्यामुळे पाना हातात धरायला मी घाबरत नव्हते. ऊन पडेल तशी मोटर वाळवली, सांध्यासांध्यातला गाळ जुन्या टूथब्रशनं काढला, आणि मशीन चाललं. वहिनी त्याच्यापुढे पाट घेऊन बसल्या. मी घरी येऊन कार्ड नंबर एक लिहिलं.

ज्यांनी मशीन आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. माझ्याकडे येतात ती बहुतेक दोन टाक्यांची मशिनं. एका टाकीच्या तळाला पंखा असतो, तो पाणी घुसळतो. तिथे कपडे धुवायचे, मग हातानं उचलून शेजारच्या टाकीत टाकायचे. ती गरगर फिरून त्यांचं पाणी काढते. आत दोन मोटरी, एक पट्टा, चावीचा टायमर आणि चार-सहा रबरं. बाकी काही नाही. मशीन मरतं ते रबरामुळे. एवढं मोठं लोखंडी धूड पंख्याखालच्या रुपयाएवढ्या सीलपायी भंगारात जातं. ते सील आता कुणी बनवत नाही. मग मी जुनं सील पर्समध्ये टाकून स्कूटरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाते आणि मापाला जुळणारं शोधते. पट्टा मिरची कांडपाची यंत्रं विकणाऱ्याकडे मिळतो. पहिल्या वेळी त्या दुकानदारानं विचारलं, "वहिनी, मसाल्याचा धंदा का?" मी कपड्यांचा म्हटल्यावर त्यानं पट्टा उलटसुलट करून बघितला.

माणसं तऱ्हेतऱ्हेची येतात. वाईच्या एका गुरुजींनी पट्टा चामड्याचा नाही ना, हे तीनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांना मशीनमध्ये फक्त सोवळ्याची धोतरं धुवायची होती. पुढे त्यांच्या पत्नीचा फोन आला. गुरुजी अभिषेकाला घाटावर गेले की त्या त्यात गोधड्या धुतात, त्यानं रबर लवकर झिजेल का, असं विचारत होत्या. जत भागातले एक धनगर आजोबा पाणी निघत नाही म्हणून मशीन घेऊन आले. नळीतून हातभर लोकर निघाली. त्यांनी घोंगडं धुतलं होतं. घोंगड्याचं काय झालं, म्हणून विचारलं तर शांतपणे म्हणाले, "काय न्हाई. आता नातवाला बसतंय."

माझा नियम एकच होता. मशीन नंबराप्रमाणेच हातात घ्यायचं. ओळखीचा असो, दूरचा असो, मधे कुणी घुसायचं नाही. स्टोअर चालतं ते अशा नियमांवर, असं मी मानत आले. एकेचाळीस नंबर येईपर्यंत त्यात कधी खोट दिसली नाही.

ते मशीन साताऱ्याकडून आलं. कोरेगाव रस्त्याच्या आतल्या अंगाला एक गाव आहे, तिथल्या एका निवृत्त सुभेदारांचं. त्यांचा मुलगाही फौजेत. तो सुट्टीवर आला असताना टेम्पोत घालून मशीन थेट सांगलीला घेऊन आला. मी झाकण उघडून बघतच राहिले. मशीन तीस वर्षांचं, पण आत साबणाचा एक डाग नाही. झाकणावर मात्र हळदीकुंकवाचे थरावर थर.

मुलानं सांगितलं ते असं. सुभेदारांनी ते बायकोसाठी फौजेच्या कॅन्टीनमधून घेतलं आणि रेल्वेनं गावी आणलं. गावात तेव्हा नळ नव्हता. आड होता, आणि मशीनला बादल्याच्या बादल्या पाणी ओढून घालण्यापेक्षा आडावरच कपडे धुणं सोपं होतं. मशीन माजघरात बसलं ते बसलंच. खंडेनवमीला विळा-कोयत्याच्या शेजारी त्याचीही पूजा व्हायची. आणि मुलाच्या आईनं, गाव जिला आक्का म्हणतं तिनं, पहिल्याच वर्षी त्यात राख कालवलेली मटकी भरली. झाकण घट्ट, उंदराला वाट नाही, वर्षभर किडा नाही.

"गावातली सगळ्यात भारी कणगी आमची," मुलगा म्हणाला. "पण बाबांच्या मनानं घेतलंय, हे चालू करा म्हणून. त्यांची तब्येत बरी नसते. नवीन घेतो म्हटलं तर आई नको म्हणते आणि बाबा तोंड फिरवतात."

म्हाताऱ्या माणसांचं असतंच असं काहीतरी, असं मी मनात म्हटलं. कार्ड लिहिलं. तक्रार: वापर नाही, सर्व रबरं बाद असणार. पुढे सात मशिनं रांगेत होती. तेव्हा भरायचे ते सगळे रकाने व्यवस्थित भरले. "हे का चालू करायचंय?" असा रकाना नव्हता, म्हणून मी ते विचारलं नाही.

मुलगा ड्यूटीवर परत गेला आणि पंधरा दिवसांनी आक्कांचा फोन आला. "आवं मॅडम, मशीनचं ऱ्हाऊ द्या. माझी कणगी कवा देताय? मटकी पोत्यात पडलीया." मी नंबर सांगितला. पुढच्या पंधरवड्याला पुन्हा फोन. मी पुन्हा नंबर सांगितला. ते फोन मला गमतीचे वाटायचे. घरी जेवताना मी ते सांगायची आणि आम्ही हसायचो. असे चार महिने गेले.

मग नात्यातल्या एका लग्नाला मी साताऱ्याला गेले. एकेचाळीसच्या बुडाची जाळी त्यांच्या घरीच राहिली होती. यादीत ते काम होतंच, म्हणून लग्नातून निघून त्या गावी गेले.

परसात तारेवर चार चादरी आणि दोन जाड पटकुरं वाळत होती. धुण्याच्या दगडावर सत्तरी ओलांडलेली बाई वाकून पाचवी चादर ब्रशनं घासत होती. शेजारी नळ होता. एक दिवसाआड पाणी यायचं, ते पिंपात भरून ठेवलेलं होतं. आक्कांनी मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, "व्हय का? मग हात हलवत आलासा? कणगी कुठाय?"

सुभेदार सोप्यात खाटेवर होते. अर्धांगानं उजवी बाजू गेलेली, बोलणं जड झालेलं. त्यांनी आक्कांना चहाची खूण केली. त्या आत गेल्याची खात्री करून घेतली आणि मला जवळ बोलावलं. एकेक शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता, पण फौजी माणूस, वाक्य पुरं केल्याशिवाय थांबत नव्हते.

"चादरी बघितल्या?"

मी हो म्हटलं.

"माज्या हायेत. रोजच्या." मग आतल्या दाराकडे बघून म्हणाले, "ती कवा बोलली न्हाई. पर तिचं हात बघा. नव्या मशीनला न्हाई म्हनती. ह्येला न्हाई म्हननार न्हाई. ह्ये मी तिच्यासाठीच आनलंय." डाव्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं. "कवा हुईल?"

माझ्या तोंडात नंबर आला होता. मी तो गिळला आणि पंधरा दिवस म्हटलं.

आक्कांनी चहा आणला. कप घेताना मी त्यांचे हात पाहिले. बोटांच्या पेरांवर चिरा होत्या, अंगठ्याचं नख साबणानं पांढरं फटक पडलं होतं. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून चार महिन्यांचे दिवस मोजायला लागले आणि अर्ध्यात थांबले. मोजण्यात मी पक्की आहे, पण एका दिवसाला पाच चादरी हे गणित पुढे न्यायचा धीर झाला नाही.

दुसऱ्याच रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा रांग मोडली. त्या वेळी जिचा नंबर होता ती बाई अजून मला टोमणा मारते, आणि मी तो ऐकून घेते. एकेचाळीस उघडलं. न वापरलेल्या मशीनचे हाल वापरलेल्यापेक्षा वाईट असतात. रबरं खडूसारखी ठिसूळ झाली होती. टायमरची चावी जाम, मोटरीचं ग्रीस मेणासारखं घट्ट. तारा तेवढ्या शाबूत होत्या, हे आक्कांच्या झाकणाचं आणि जाळीचं श्रेय. झाकणावरचं कुंकू मी पुसलं नाही. ते बिघाडात मोडत नाही.

घाई झाली की काय होतं ते आता सांगते. माझ्या कामाच्या यादीत चौथं काम असं आहे: पंखा काढून खालचा खड्डा साफ करणे. सील मिळायला वेळ लागणार होता, म्हणून मी पंखा नंतर काढू म्हटलं, निचऱ्याचं रबर तेवढं बदललं आणि टाकीत पाणी भरून गळती बघितली. गळती पंख्याखालून होती, अपेक्षित होती. पाणी सोडून दिलं आणि दोन दिवस कामावर गेले. तिसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर सील बसवायच्या आधी पुन्हा पाणी घातलं तर ते निघेचना. नळी काढली. तोंडाशी पांढरं, वळवळल्यासारखं काहीतरी. क्षणभर मला किडे वाटले. मग पंखा उचलला. खालच्या खड्ड्यात ओंजळभर मटकी होती, आणि तिला बोटभर मोड आले होते.

तीस वर्षं कणगी म्हणून वापरलेल्या मशीनच्या पंख्याखाली मटकी असणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आणि नेमकं तेच चौथं काम मी गाळलं होतं.

आक्कांना फोन करून कबुली दिली. त्या एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग म्हणाल्या, "मोड बरं आल्यात न्हवं? मग टाकू नगा, उसळ करा." मी ग्रीस लागलंय म्हटल्यावर त्यांना खरंच वाईट वाटलं. पण फोन ठेवता ठेवता त्यांचा आवाज बदलला. "मॅडम, एक आयका. मशीन झालं तर मटकी कुठं ठिवू? मी काय ते चालवू देनार न्हाई. माजी कणगी मोडू नगा."

म्हणजे मशीन दुरुस्त होऊनही सुभेदारांचं काम अडणार होतं. मी पडवीत जाऊन कार्डं चाळली. नंबर बारा, दोन्ही मोटरी जळालेल्या, सुट्या भागांसाठी ठेवलेलं. अंग मात्र ठणठणीत. ते तीनदा गरम पाण्यानं धुतलं, सोड्यानं पुसलं, चार दिवस उन्हात ठेवलं. पंखा काढून खालचं भोक पत्र्यानं बंद केलं. चौथं काम या वेळी सगळ्यांत आधी.

गावाच्या नळाचा दिवस बघून मी टेम्पोतून दोन्ही मशिनं घेऊन निघाले. आक्का दारातच उभ्या होत्या. एकेचाळीसकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बारा नंबरचं झाकण उघडून आत तोंड घातलं, वास घेतला, बाजूला टिचक्या मारून बघितल्या. मग म्हणाल्या, "झाकण जरा ढिलं हाय."

मी टेम्पोतून पेटी आणली आणि झाकणाला रबरी पट्टी बसवून दिली. कणगीला सील बसवायचं काम मी तेवढं एकच केलंय. आक्कांनी झाकण दोनदा उघडून लावलं. "आता लागतंय," एवढंच म्हणाल्या. तीच पावती.

मग एकेचाळीस परसाच्या दाराशी लावलं. अर्थिंग तपासलं, नळाला नळी जोडली, पाणी भरलं. टेम्पोवाल्याच्या मदतीनं सुभेदारांची खाट दारापर्यंत ओढून घेतली. आक्कांनी एक धुतलेला कोरडा पंचा आणून टाकीत टाकला. मी टायमर फिरवला. मशीन चाललं. पंचा गोल गोल फिरत होता, पण सुभेदार तिकडे बघत नव्हते. त्यांची नजर धुण्याच्या दगडाशेजारच्या झाकलेल्या बादलीवर होती.

मी म्हटलं, "आक्का, काहीतरी मोठं टाका. चादर टाका."

"चादरी नगंत," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "त्या मी धुती. परक्या मानसासमोर कशाला."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नवीन मशीन आलं असतं तर आळीतल्या बायका बघायला आल्या असत्या, कशाला घेतलं म्हणून विचारलं असतं. सुभेदारांना तिचे हात वाचवायचे होते आणि तिला त्यांची लाज. दोघंही एकमेकांना सांगत नव्हते, आणि मधे मी पाना घेऊन उभी.

मी म्हटलं, निचऱ्याचं पाणी कुठवर जातंय ते बघून येते. टेम्पोवाल्यालाही हाक मारून बरोबर घेतलं. भिंतीच्या पलीकडे चर होता, तिथे जाऊन उभी राहिले. टायमरची वेळ संपून मशीन थांबलं. मग बादलीची कडी वाजली, झाकण वाजलं, आणि मशीन पुन्हा सुरू झालं. रिकाम्या मशीनचा आवाज पातळ असतो. ओलं, जड कापड आत पडलं की तो भरतो. तो भरलेला आवाज आला.

मग आक्कांचा आवाज. रागाचा नव्हता.

"इतकी वर्सं मी नळ मागत हुते. तुमी मशीन आनलं."

सुभेदारांनी एकेक शब्द जुळवला. "आता दोनी हाईत न्हवं."

मशीन चाललं होतं. मग पुन्हा आक्का. "लय हलतंय वो."

"हलू दे."

मी टेम्पोवाल्याला म्हटलं, पाणी नीट जातंय. तो माझ्याकडे बघून, पाण्याकडे बघून, बरं म्हणाला.

तेव्हापासून माझ्या कार्डांना नववा रकाना आहे. कपडे कोणाचे? मशीन दारात आलं की मी पहिलं हेच विचारते, आणि उत्तरावरून नंबर ठरतो. अंथरुणाला खिळलेल्यांचे आणि बाळंतिणीचे आधी. गुरुजींच्या धोतरांना थांबता येतं. नियम मोडल्यानं स्टोअर बुडालं नाही, हे गिरणीतल्या माझ्या जुन्या साहेबांना सांगायला हवं.

गावोगावच्या लोकांनी आपली मोडकी यंत्रं माझ्या पडवीत आणून सोडली आणि त्यामागे काय काय असतं ते मला बघू दिलं. याचे उपकार शेऱ्याच्या रकान्यात मावणारे नाहीत. दर संक्रांतीला साताऱ्याकडून कुणी ना कुणी येणारं पिशवीभर मटकी आणून देतं. तिच्यात राख असते, चाळून घ्यावी लागते. आमच्याकडे तिची उसळ होते आणि ती करताना मी मोड नीट बघते.

एकेचाळीसच्या कार्डावर नववा रकाना मी मागाहून आखला होता, पण भरला नव्हता. कार्डं भिंतीवर टांगलेली असतात. येणारा-जाणारा वाचतो. हे लिहायचं ठरलं तेव्हा मी आक्कांना फोन करून सगळं सांगितलं आणि विचारलं, लिहू का? त्यांनी फोन तसाच धरून सुभेदारांना विचारलं. पलीकडून हुंकार आला.

"लिवा म्हनत्यात," आक्का म्हणाल्या. "गावाचं नाव तेवढं घालू नगा." मग जरा थांबून, "आनी आता माजी लुगडीबी त्यातच टाकती, ह्ये बी लिवा."

फोन ठेवून मी सुतळीतून ते कार्ड काढलं आणि नवव्या रकान्यात लिहिलं: दोघांचे.